कूलर बंद करण्याआधी

मे महिन्यात नागपुरात
रात्री अडीच वाजता कुणाला थंडी वाजत नाही.
भिंतीला हात लावला तर ती अजून दुपारचीच असते,
कूलरच्या ताट्यांना कितीही पाणी पाजा, कोरड्याच,
आणि नातेवाईक ओले दुपट्टे पांघरून
व्हरांड्याच्या फरशीवर कूस बदलत असतात.

बेड नंबर नऊ. रोमिता मडावी, देवलापारची,
वय एकोणीस, सिकलसेल.
आजवरची अकरावी पिशवी.
नाव, हातातली पट्टी, पिशवीचा नंबर, गट
मी वाचलं, वंजारी सिस्टरनं पुन्हा वाचलं,
सव्वादोनला थेंब सुरू केला, हळू,
आणि स्टूल ओढून बसले.
पहिली पंधरा मिनिटं बसायचं असतं.
बाकीचा वॉर्ड हाका मारतो, मारू द्यायच्या.

बाराव्या मिनिटाला ती म्हणाली,
"बाई, कसंतरीच होऊन राह्यलं."
कुठं गं?
"कुठं नाही. कसंतरीच."
मग दात वाजले.
तिची आई उठली, पदर गुंडाळत म्हणाली,
"कूलर लई सुटला हाये, बंद करून द्या ना."

हेच वाक्य
सात वर्षांपूर्वी डोमाजी ठवकर बोलले होते,
उमरेडकडचे, खांद्यावर पंचा,
आणि मी, नवी नवी, चटपटीत,
उठून कूलर बंद केला होता.
वर आणखी एक चादर टाकली.
म्हटलं, झोपा बाबा, काही नाही होत.
थेंब चालूच.
कमरेत चमक निघते म्हणाले तेव्हा
खाटेला दोष दिला मी.
पुढचं सांगत नाही.
त्यांच्या मुलानं जाताना पंचा मागितला,
तो मला सापडला नाही.

म्हणून आज हात आधी पिशवीकडे गेला,
कूलरकडे नाही.
क्लॅम्प बंद.
सुई तशीच ठेवली, शीर हातची जाऊ द्यायची नसते,
नळी नवी, सलाईन नवं.
ताप एकशे एक, सुरुवातीला साडेअठ्ठ्याण्णव होता.
नाडी एकशे अठ्ठावीस.
"कमरेत दुखते?"
तिनं मान हलवली, मी विचारायच्या आधीच बहुतेक.
डॉक्टर निमगडे एका पायात चप्पल घालून धावत आले.

पट्टी पुन्हा वाचली. फाईल पुन्हा वाचली.
पिशवी पुन्हा वाचली.
सगळं बरोबर.
चूक सापडली असती तर
कुणावर तरी ओरडता आलं असतं.

पिशवी कचऱ्यात टाकायची नसते.
नळीसकट, उरलेल्या रक्तासकट,
ताज्या नमुन्याची बाटली सोबत देऊन
वॉर्डबॉय नत्थूला रक्तपेढीकडे पळवलं.
लघवी आली ती काळ्या चहासारखी.
तीही जपून ठेवली, लेबल लावून,
तिच्या आईनं तोंड फिरवलं.

पहाटे रक्तपेढीतून राऊतांचा फोन:
गट जुळतो, मॅडम, पण जुन्या कुठल्यातरी पिशवीचा
राग धरून आहे तिचं शरीर.
आता तिच्यासाठी शोधून काढावं लागेल,
वेळ लागेल.
राग म्हणाले ते. मला आठवण वाटली.
दहा अनोळखी माणसं तिच्यात येऊन गेली,
त्यातल्या एकाला शरीर विसरलं नव्हतं,
आणि आज पुन्हा तशीच कुणाची चाहूल लागली
तर दार आतून लोटून धरलं.

फॉर्मवर चौकोन होते:
ताप, थंडी, पुरळ, खाज, धाप, कंबरदुखी.
जिथं जिथं होतं तिथं खूण केली.
"कसंतरीच"साठी चौकोन नव्हता.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
वेळ घालून: दोन सत्तावीस.

सहाला लघवीचा रंग जरा उतरला.
पूर्ण नाही. डॉक्टर अजून खुर्चीतच होते.
खिडकीत ऊन आलं, आल्याआल्याच तापलेलं.
रोमितानं चादर पायानं ढकलली, म्हणाली,
"उकडून राह्यलं, बाई. कूलर लावा ना."

उठले. लावला.